शाळेत विद्यार्थी-स्वास्थ्याचे वार्षिक काम कसे उभारावे : तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नाशिक शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील बहुतेक शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यासाठी वर्षभर काही ना काही चाललेले असते. २१ जूनला योग होतो, ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळ्या दिल्या जातात, १० ऑक्टोबरच्या आसपास ताणतणावावर एखादे व्याख्यान होते आणि डिसेंबरात क्रीडासप्ताह उरकला जातो. तरीही परिपाठाच्या रांगेत मुले चक्कर येऊन खाली बसतात, दहावीतल्या एखाद्या मुलाची गैरहजेरी पंधरवडाभर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास बसवला जातो. याचे मुख्य कारण क्रमात आहे. आधी कार्यक्रम ठरतो, मग तारीख, मग पाहुणे आणि फ्लेक्स. त्या कार्यक्रमाने कोणत्या मुलाची कोणती अडचण सुटणार होती हा प्रश्न अहवाल लिहायला बसल्यावर पडतो.

पुढील टप्पे पाचवी ते दहावीच्या शाळांसाठी आहेत. आश्रमशाळांना व वसतिगृहांना ते लागू पडतात, मात्र तेथे संध्याकाळचे व रात्रीचे तास वेगळे धरावे लागतील.

टप्पा १ : जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील तयारी

सर्वप्रथम नवी समिती स्थापन करण्याचा मोह आवरावा. शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, पालक-शिक्षक संघ असतो, मुलांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि परिवहन समिती असते. त्यात आणखी एक नाव जोडल्याने फक्त इतिवृत्ताची एक वही वाढते. या कामासाठी आहे त्या समित्यांच्या आधारे सात-आठ जणांचा गट पुरेसा आहे. शासकीय शाळांमध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमांतर्गत दोन शिक्षकांना, एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमण्याची तरतूद आहे आणि त्यांच्यासाठी अकरा विषयांची आखणीही झालेली आहे. त्यात पोषण व स्वच्छता, भावनिक स्वास्थ्य, व्यसनप्रतिबंध, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे विषय येतात. आपल्या शाळेत असे दोन शिक्षक असतील तर गट त्यांच्याभोवतीच उभा करावा.

गटात मुख्याध्यापक, हे दोन शिक्षक, दोन पालक आणि आठवी-नववीचे दोन विद्यार्थी असावेत. याशिवाय शाळेतील मावशींना किंवा शिपाईकाकांना बैठकीत खुर्ची देऊन बसवावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. कोणती मुलगी मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन रडते, कोणता मुलगा डबा न उघडताच परत नेतो आणि शाळा सुटल्यावर व्हॅनची वाट पाहत कोण किती वेळ फाटकाशी उभे असते, हे त्यांना वर्गशिक्षकांच्या आधी कळते.

ज्या शिक्षकांवर हे काम सोपवायचे, त्यांच्याकडील दुसरे एखादे काम काढून घ्यावे. शिष्यवृत्ती, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीचे काम आणि वर हेही, असा भार टाकला की काम फायलीत पूर्ण होते आणि वर्गात होत नाही.

*तपासा :* या दोन शिक्षकांना आठवड्यातून एक तरी समान मोकळी तासिका मिळते का? वेळापत्रकात ती दिसत नसेल तर पुढे जाण्याआधी वेळापत्रक बदलून घ्यावे.

टप्पा २ : उपक्रम ठरवण्याआधी मुलांचा दिवस पाहणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि त्यामुळेच पुढचे सगळे उपक्रम हवेत राहतात. जूनच्या उत्तरार्धात दोन आठवडे केवळ पाहण्यासाठी ठेवावेत.

पहिली पायरी म्हणजे दिवसाचा तक्ता. प्रत्येक इयत्तेतील आठ-दहा मुलांकडून, उठल्यापासून झोपेपर्यंत कोणता तास कशात जातो, हे साध्या कागदावर लिहून घ्यावे. यात मुलगे-मुली, जवळचे-लांबचे, शिकवणीला जाणारे आणि न जाणारे असे सगळे यावेत. सकाळच्या सत्रासाठी आडगाव किंवा मखमलाबादकडून येणारे मूल पहाटे साडेपाचला उठत असेल आणि कॉलेज रोडवरच्या क्लासमधून रात्री नऊला घरी पोहोचत असेल, तर त्याला आणखी एक 'ताणमुक्ती शिबिर' देऊन काही साधणार नाही. आधी झोपेचा हिशेब मांडावा लागेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. शिवाय ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे दोन आकडे तक्त्याशेजारी ठेवले की कोठे काय कमी पडते ते आपोआप दिसते.

दुसरी पायरी म्हणजे शाळेतच फिरून पाहणे. शेवटच्या तासिकेला वर्गात जाऊन मुलींच्या पाण्याच्या बाटल्या पाहाव्यात. निम्म्याहून अधिक बाटल्या भरलेल्या असतील तर प्रश्न तहानेचा नसून स्वच्छतागृहाचा आहे. कडी तुटलेली असणे, नळाला पाणी नसणे, पॅड टाकण्यासाठी झाकणाची बादली नसणे किंवा स्वच्छतागृहाचे दार मुलांच्या मैदानासमोरच उघडणे, या कारणांनी मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यातून डोकेदुखी आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो. ही गोष्ट कोणत्याही प्रश्नावलीत नीट उतरत नाही, पण बाटलीत दिसते.

त्याच फेरीत शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात किती वेळा आहे आणि प्रत्यक्षात मैदानावर किती वेळा होतो, हे दोन आठवड्यांच्या नोंदीवरून पडताळावे. वेळापत्रकावर विसंबू नये. दप्तराचे वजनही याच वेळी करावे. ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे राष्ट्रीय दप्तर धोरण सांगते आणि त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो.

तिसरी पायरी म्हणजे बिननावाच्या चिठ्ठ्या. 'तुम्हाला ताण येतो का?' असा प्रश्न विचारू नये. मुले 'हो' लिहून मोकळी होतात. त्याऐवजी ठोस प्रश्न विचारावेत: शाळेच्या दिवसातली सगळ्यात नकोशी वेळ कोणती? शाळेत कोणत्या जागी जायला भीती वाटते? अडचण आली तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाला सांगाल? तिसऱ्या प्रश्नाला 'कोणालाच नाही' असे किती चिठ्ठ्यांवर येते, तो या वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा आकडा समजावा.

*सावधान :* चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत आणि हस्ताक्षरावरून मूल ओळखण्याचा खेळ शिक्षकखोलीत कोणी करू नये. एकदा असे झाल्याचे कळले की पुढची पाच वर्षे खऱ्या चिठ्ठ्या येणार नाहीत. मात्र एखाद्या चिठ्ठीत जिवाला धोका किंवा अत्याचाराचा उल्लेख असेल तर ती बाजूला न ठेवता टप्पा ३ मधील साखळी त्याच दिवशी सुरू करावी. याच कारणासाठी टप्पा ३ मधील कागद चिठ्ठ्या उघडण्यापूर्वी तयार असावा लागतो, जरी तो येथे नंतर सांगितला असला तरी.

या सर्व माहितीतून वर्षासाठी फक्त दोन अडचणी निवडाव्यात. एक शरीराशी संबंधित असावी, दुसरी मनाशी किंवा मैत्रीशी. पाच निवडल्या तर एकही पूर्ण होत नाही.

टप्पा ३ : मदतीची साखळी आधी तयार करणे

मुलांना 'मन मोकळे करा' असे सांगणारे व्याख्यान ठेवायचे आणि मूल खरोखर बोलू लागले की कोणाला काय करायचे ते ठाऊक नसायचे, ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत गंभीर चूक आहे. बोलण्याची वाट उघडण्यापूर्वी ती पुढे कोठे जाते हे ठरलेले असावे. त्यासाठी एका पानाचा कागद करावा आणि तो शाळेतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला, बसचालक व खिचडी शिजवणाऱ्या ताईंसह, समजावून द्यावा.

१. *ऐकणारी व्यक्ती.* एक बाई व एक सर निश्चित करावेत. त्यांची नावे प्रत्येक वर्गात लावावीत. बोलण्याची जागा अशी असावी की बाहेरून आतले दिसेल, पण ऐकू येणार नाही. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटे बसू नये. हा नियम मुलाच्या आणि शिक्षकाच्या, दोघांच्या हिताचा आहे.

२. *पहिले वाक्य.* 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये. त्याऐवजी म्हणावे, 'तू सांगितलेले मी वर्गात किंवा शिक्षकखोलीत बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर तुला मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावे लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन.' हे वाक्य पाठ करून घ्यावे, कारण ऐन वेळी दुसरेच काहीतरी तोंडातून निघते.

३. *तीन दर्जे.* नेहमीची अडचण, म्हणजे मैत्रीतला दुरावा, परीक्षेची धास्ती किंवा घर बदलल्याचे दुःख, शाळेतच ऐकून आठवडाभर पाठपुरावा करून हाताळता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, खाणे, अभ्यास आणि मैत्री यांत ठळक बदल दिसत असेल तर पालकांशी बोलून समुपदेशकाकडे किंवा शासकीय रुग्णालयाकडे पाठवावे. किशोरवयीनांसाठी शासकीय आरोग्यसंस्थांत 'मैत्री' क्लिनिक चालतात; आपल्याला सर्वांत जवळचे कोणते आणि कोणत्या वेळी चालू असते, ते जूनमध्येच कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे. तिसरा दर्जा तातडीचा असतो. मूल मरणाची भाषा बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, तसा विचार मनात येतो का हे शांतपणे थेट विचारावे (विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे), पालकांना फोनवर तपशील न सांगता तातडीने बोलावून घ्यावे आणि मूल त्यांच्या किंवा डॉक्टरांच्या ताब्यात जाईपर्यंत सोबत राहावे. इजा झालेली असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

४. *दूरध्वनी क्रमांक.* टेलि-मानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची शासकीय, विनामूल्य, चोवीस तास चालणारी सेवा आहे; १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. हे क्रमांक फळ्याशेजारी तर लावावेतच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावेत. तेथे ते कोणाच्या नजरेखाली न येता वाचता येतात.

५. *कायद्याची बाब.* लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तसे घडण्याची शक्यता कळली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. 'आधी आपण चौकशी करू', 'शाळेची बदनामी होईल', 'पालक नको म्हणतात', यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगायला लावू नये. जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

*सावधान :* प्रत्येक वेळी पालकांना बोलावणे हा योग्य उपाय नसतो. धोका घरातूनच असेल तर १०९८ वर संपर्क साधून बालकल्याण समितीमार्फत पुढे जावे.

*तपासा :* जुलै संपण्यापूर्वी एखाद्या शिक्षकाला अचानक विचारावे, 'आत्ता एखादी मुलगी रडत येऊन घरी जायचे नाही म्हणाली तर तुम्ही काय कराल?' उत्तर देताना कागद शोधावा लागला, तर तो पुन्हा एकदा सर्वांना समजावून सांगावा.

टप्पा ४ : शाळेच्या वेळापत्रकात बसणारे उपक्रम

येथे हात आखडता घ्यावा. रोज घडणारी एक गोष्ट आणि आठवड्याला घडणारी एक गोष्ट, एवढ्यावर वर्ष नीट चालते.

*रोजचे : खेळ आणि खाणे.* खेळाचा तास हा 'ऑफ तास' नाही, असे मुख्याध्यापकांनी जुलैच्या पहिल्या बैठकीत लेखी स्पष्ट करावे आणि शिक्षा म्हणून खेळ बंद करण्याची पद्धत थांबवावी. मैदान लहान असेल, जसे जुन्या नाशकातील अनेक शाळांचे आहे, तर लंगडी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार आणि मल्लखांब यांना थोडी जागा पुरते. संघ निवडताना 'चांगल्या' मुलांनी एकेक गडी उचलण्याची पद्धत टाळावी. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच असते आणि ते खेळाचाच तिरस्कार करू लागते. मुलींसाठी मैदान राखीव ठेवण्याचे दिवस ठरवल्याशिवाय मोठ्या वर्गांतील मुली मैदानावर येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिक आणि विशेषतः निफाडकडील पहाट फार थंड असते. दम्याचा त्रास असणाऱ्या मुलांना तेव्हा सात वाजता धावायला लावू नये, खेळाचा तास नंतर घ्यावा.

खाण्याच्या बाबतीत सकाळच्या सत्राच्या शाळांत एक चूक सर्रास होते. साप्ताहिक लोहयुक्त गोळी परिपाठातच, उपाशी पोटी दिली जाते. मग मळमळ होते, एखादे मूल उलटी करते, ते पाहून आणखी चार जणांना तसेच वाटू लागते आणि 'गोळ्यांतून विषबाधा' अशी अफवा गावभर पसरते. गोळी जेवणानंतर किंवा डब्यानंतर द्यावी, शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः घ्यावी आणि लगेच चहा घेऊ नये, असे सांगावे. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये.

शाळेच्या आवारात आणि सभोवतालच्या ५० मीटरच्या अंतरात अतिरिक्त मेद, साखर व मीठ असलेल्या पदार्थांच्या विक्रीस अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. तंबाखूजन्य पदार्थ १०० यार्डांच्या आत विकता येत नाहीत. फाटकासमोरच्या टपरीवाल्याशी आधी स्वतः जाऊन बोलावे. तक्रारीचा कागद ही नंतरची पायरी.

*आठवड्याचे : गोलबैठक.* पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा दप्तराविना उपक्रमांचा दिवस आहेच, त्यामुळे वेगळी परवानगी किंवा वेगळा तास लागत नाही. नववी-दहावीसाठी मात्र एक तासिका राखून ठेवावी लागते. चाळीस मिनिटांची मांडणी अशी करता येईल. पहिली पाच मिनिटे उभे राहून अंग ताणणे. त्यानंतर शिक्षकांनी एक काल्पनिक प्रसंग वाचावा, उदाहरणार्थ: 'वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून एका मुलाला काढून टाकले आहे. दुसऱ्या दिवशी डबा खायला तो एकटाच बाकावर बसला आहे. तुम्ही त्याच्या मागच्या बाकावर आहात.' मग जोड्यांमध्ये दहा मिनिटे चर्चा, मग ज्याला वाटेल त्याने सर्वांसमोर बोलणे, आणि शेवटी प्रत्येकाने या आठवड्यात काय करून पाहणार ते एका वाक्यात सांगणे. 'पुढे' असे म्हणून गप्प राहण्याची मुभा प्रत्येकाला असावी. कोणालाही स्वतःच्या घरची गोष्ट वर्गासमोर सांगायला लावू नये. रडणाऱ्या मुलाला सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात असे प्रकार तर मुळीच नकोत.

शिक्षकाने बैठकीत उपदेश सुरू केला की मुले ओळखतात आणि पुढच्या आठवड्यापासून ठरलेली उत्तरे देऊ लागतात. 'मग मी त्याच्याशी बोलेन, सर' हे उत्तर सलग तिसऱ्यांदा आले, की प्रसंग फार सोपा निवडला गेला आहे असे समजावे.

*आरोग्य तपासणीचा पाठपुरावा.* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. तपासणी होते, पुढील उपचारासाठी पाठवणारी संदर्भ चिठ्ठी दिली जाते आणि ती दप्तराच्या तळाशी जाते. चष्मा लागलेल्या, दात किडलेल्या, रक्त कमी असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकाकडे असावी आणि एक महिन्याने तीच यादी घेऊन 'दाखवले का?' असे पालकांना विचारावे. फळा न दिसणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी ही यादी पाहणे सोपे आहे.

*तपासा :* ऑगस्टअखेर तीन गोलबैठका आणि ठरलेले सर्व खेळाचे तास प्रत्यक्ष झाले आहेत का? झाले नसतील तर बाहेरच्या उपक्रमांना हात घालू नये.

टप्पा ५ : शाळेबाहेरच्या संधी

टप्पा २ मध्ये निवडलेल्या अडचणीशी जुळेल तीच संधी घ्यावी. मुलांना एकमेकांशी जुळवून घेता येत नसेल तर एकदाच होणारी सहल उपयोगाची नाही, तेच ते काम पुन्हा पुन्हा सोबत करण्याची जागा हवी. हालचाल कमी असेल तर बसमधून जाऊन बसमधून परत येण्याच्या भेटी टाळाव्यात.

नाशकात निवडीला वाव पुष्कळ आहे. पांडवलेण्यांची चढण मध्यम आहे आणि अर्ध्या दिवसात होते. मात्र पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि मधमाश्यांची पोळी कोठे आहेत ते आदल्या दिवशी पाहून यावे. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी लवकर पाहण्याजोगे असते. शांत बसून पाहणे हाच तेथला उपक्रम आहे, म्हणून एका वेळी एकच वर्ग न्यावा. सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी महिन्यातून एकदा ठरलेला गट नेता येतो. गल्लीतल्या व्यायामशाळा, सायकलप्रेमींचे गट, शेजारच्या मळ्यावरची द्राक्षबाग किंवा भाजीपाला, हे सगळे चालते. द्राक्षबागेत जायचे झाल्यास फवारणी केव्हा झाली हे शेतकऱ्याला आधी विचारावे आणि मुलांना घडावर हात मारू देऊ नये.

ढोल-ताशा पथकांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण तेथे शाळा मुलांना पाठवत नाही, मुले स्वतःच जातात. शिस्त, श्रम आणि आपल्या माणसांत असल्याची भावना या तिन्ही गोष्टी पथकात मिळतात आणि मी त्याच्या विरोधात नाही. परंतु सराव रात्री किती वाजता सुटतो, लहान मुलांच्या कानात बोळे असतात का आणि परत कोण सोडते, हे वर्गशिक्षकांनी श्रावणातच विचारून घ्यावे.

वृद्धाश्रमात जाऊन फळे वाटणे आणि छायाचित्र काढणे हा उपक्रम बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी तीच पाच मुले दर महिन्याला त्याच आजी-आजोबांकडे जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवतील, मोबाइलवरचे काही शिकवतील, असे ठरवावे. ओळख व्हायला तिसरी-चौथी भेट लागते.

गोदाघाट स्वच्छतेबाबत विशेष काळजी हवी. जुलै ते सप्टेंबर या काळात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढते, त्यामुळे या महिन्यांत घाटावर मुलांचा कोणताही उपक्रम ठेवू नये. गणेशविसर्जनाच्या वेळी नववी-दहावीच्या मुलांना घाटापासून दूर, कोरड्या जागेवरील निर्माल्य संकलनात घेता येईल, तेही हातमोजे देऊन. पाण्यात कोणीही उतरायचे नाही, धरणाच्या फुगवट्याकडे किंवा सोमेश्वरच्या धबधब्याजवळ मोकळा वेळ द्यायचा नाही. 'पोहता येते' हे कारण या ठिकाणी मान्य करू नये.

बाहेर जाण्याची तयारी या क्रमाने करावी:

१. सहा आठवडे आधी दोन शिक्षकांनी स्वतः जाऊन जागा पाहावी. पाणी, स्वच्छतागृह, सावली, मोबाइलची रेंज आणि सर्वांत जवळचा दवाखाना यांची नोंद घ्यावी.

२. यजमान संस्थेशी लेखी ठरवावे: किती मुले, किती वेळ, काम काय आणि त्यांच्याकडून कोण सोबत राहणार. संस्थेची व्यक्ती कितीही परिचयाची असली तरी मुलांबरोबर शाळेचा प्रौढ माणूस कायम असावा.

३. मुख्याध्यापकांमार्फत आवश्यक ती लेखी परवानगी घ्यावी आणि नंतरच पालकांना कळवावे. उलट केल्यास परवानगी अडली की मुलांचा हिरमोड होतो.

४. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात असावे. त्यात औषधे, ॲलर्जी, अपस्मार, मधुमेह यांची विचारणा असावी आणि छायाचित्राची संमती स्वतंत्र रकान्यात घ्यावी.

५. दहा-बारा मुलांमागे एक प्रौढ, मुलींसोबत महिला शिक्षिका, प्रथमोपचार पेटी आणि रिकामी राखलेली एक गाडी, एवढे जमत नसेल तर तारीख पुढे ढकलावी.

६. गाडीत बसताना, उतरताना आणि परत बसताना नावानिशी हजेरी घ्यावी. डोकी मोजणे पुरेसे नाही.

खर्चाचा मुद्दा शेवटी विचारात घेतला जातो आणि तेथेच काही मुले गळतात. पन्नास रुपयेसुद्धा न देऊ शकणारे मूल 'पोटात दुखते' म्हणून त्या दिवशी घरी राहते. म्हणून पैसे न लागणारी ठिकाणे आधी निवडावीत आणि लागलेच तर पालक संघाच्या निधीतून, नावे न उघड करता, भरावेत.

*सावधान :* संक्रांतीच्या आधी पतंगाचा उपक्रम असेल तर नायलॉन मांजा शाळेत आणू द्यायचा नाही एवढे सांगून थांबू नये. दुचाकीवरून व सायकलवरून येणाऱ्या मुलांना त्या आठवड्यात गळ्याला रुमाल किंवा मफलर बांधायला सांगावे.

टप्पा ६ : पालकांशी बोलणे

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे पालक मंगळवारी अकराच्या पालकसभेला येत नाहीत, याचा अर्थ त्यांना मुलाची पर्वा नाही असा होत नाही. कोणाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून दोन वेगवेगळ्या वेळा ठेवाव्यात. द्राक्षहंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, मजुरीवर जाणाऱ्या कुटुंबांना संध्याकाळनंतरच गाठता येते. याच काळात मुलांची गैरहजेरीही वाढते, म्हणून त्यांच्याशी डिसेंबरातच बोलून ठेवावे.

सभेत गुणांचा विषय काढू नये. झोप, मोबाइल आणि न्याहारी या तिन्हींपैकी एकाच गोष्टीवर बोलावे आणि पालकांनाच 'आमच्याकडे आम्ही असे करतो' हे सांगू द्यावे. कोणत्याही मुलाचे उदाहरण, नाव न घेता का होईना, देऊ नये. गल्लीत सगळ्यांना कळते.

टप्पा ७ : मोजणे, दुरुस्त करणे, सोपवणे

डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये टप्पा २ मधील तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत, चिठ्ठ्यांवर विचारावेत. शब्द बदलले तर तुलना करता येत नाही. सोबत खेळाच्या तासांची नोंद, महिनावार गैरहजेरी आणि संदर्भ चिठ्ठ्यांपैकी किती मुलांना प्रत्यक्ष उपचार मिळाले, हे तीन आकडे पाहावेत. मदत मागणाऱ्या मुलांची संख्या पहिल्या वर्षी वाढते. ते अपयश मानू नये, आणि 'आमच्या शाळेत एकही प्रकरण नाही' हे यशही मानू नये. वर्गावर्गांत स्वास्थ्याची स्पर्धा लावून ढाल देण्याचा विचार कोणी मांडला तर तो तेथेच थांबवावा, कारण मग चिठ्ठ्याही ढालीसाठी लिहिल्या जातात.

डिसेंबरच्या आढाव्यात किमान एक उपक्रम बंद करावा. जो उपक्रम फक्त एका उत्साही शिक्षकाच्या बळावर चालतो आणि त्यांच्या रजेच्या दिवशी होत नाही, तो आधी तपासावा. दहावीच्या वर्गाला जानेवारीनंतर खेळाच्या तासातून व गोलबैठकीतून वगळू नये. वेळ अर्धा करावा, पण चालू ठेवावा, कारण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत त्याची गरज वाढलेली असते.

एप्रिलअखेर सर्व कागद दोन फायलींत विभागावेत. पहिलीत वेळापत्रक, चिठ्ठ्यांचे एकत्रित आकडे, जागांच्या नोंदी, यजमान संस्थांचे संपर्क आणि मदतीच्या साखळीचा कागद ठेवावा. ती शिक्षकखोलीत कोणालाही पाहता येईल अशी असावी. दुसरीत मुलांच्या वैयक्तिक नोंदी, कुलपात, मुख्याध्यापकांकडे. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकांनी दोन्ही फायली नव्या शिक्षकांना समोर बसून सोपवाव्यात आणि कोणत्या तीन-चार मुलांकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातच लक्ष द्यायचे आहे ते तोंडी सांगावे.